तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

कायानोच्या घरच्या कोतात्सूला, म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई असलेल्या बुटक्या टेबलाला, बाजू चार असल्या तरी माझी बाजू एकच. खिडकीकडे पाठ, कायानोच्या उजव्या हाताला. बालवाडीपासून तीच. तिथे रजईवर संत्र्याच्या रसाचा एक डाग आहे, तोसुद्धा माझाच. त्या रविवारी मी बर्फाने भिजलेले मोजे दारातच काढून आत गेले, तर माझ्या डागावर कोपर टेकून रुरिको बसलेली!

रुरिको म्हणजे आमच्या वर्गात उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ओसाकाहून आलेली मुलगी. आवाज असा की तिने कानात सांगितलेलं गुपित शिपायालाही कळतं. कायानो खूप हसली की नाकातून डुकरासारखी ‘घुर्र’ करते. ही घुर्र काढणं इतकी वर्षं फक्त मला जमायचं. आता रुरिको दिवसातून चारदा काढते आणि तेही काही कष्ट न घेता.

“ये ये चिगू, बस ना!” रुरिको म्हणाली. माझ्याच जागेवर बसून मलाच ‘बस’! मी गुपचूप दाराच्या बाजूला बसले. तिथे पाठीला वारा लागतो.

विषय होता युनोसावाचा. कायानोची तोकिए मावशी त्या डोंगरातल्या गावात गरम पाण्याच्या झऱ्यापाशी छोटी खानावळवजा सराई चालवते. दर हिवाळ्याच्या सुट्टीत काकू, म्हणजे कायानोची आई, आम्हा दोघींना तिथे घेऊन जातात. छपरावरचं बर्फ ढकलायला मदत करायची, झऱ्याच्या पाण्यात जाळीतून सोडून उकडलेली अंडी सोलून खायची, संध्याकाळी लाकडी खडावा खडखडवत गावभर हिंडायचं. हे आमचं होतं, माझं आणि कायानोचं.

“यंदा रुरिको पण येतेय,” कायानो म्हणाली. “तिने एवढं बर्फ कधी बघितलंच नाहीये गं! म्हणून मी म्हटलं, खोलीत मधलं अंथरूण तिला देऊ. म्हणजे दोन्हीकडून गप्पा.”

मधलं अंथरूण! म्हणजे रात्रभर कायानोच्या आणि माझ्या मधे ओसाकाचा लाउडस्पीकर. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू!

“मग तुम्ही दोघीच जा ना,” मी गोड आवाजात म्हटलं. “मी कशाला उगाच मधे मधे?”

आमच्याकडे या वाक्याला एक रीत आहे, अगदी लहान पोरालाही ठाऊक असलेली. पहिलं ‘नको’ हे नको नसतंच. समोरच्याने म्हणायचं, “असं कसं?” आपण पुन्हा नको म्हणायचं. त्याने तिसऱ्यांदा आग्रह करायचा आणि मग आपण मान खाली घालून “बरं, एवढं म्हणता तर” म्हणायचं. मी तर मान खाली घालायची तयारीसुद्धा करून ठेवली होती. कायानोने तोंड उघडलं. “असं क–”

“अगं, नको म्हणतेय ना ती!” रुरिको मधेच म्हणाली. “कशाला आग्रह करून त्रास द्यायचा? चिगू, तुझं बरं आहे बाई, सरळ बोलतेस. मला असे लोक आवडतात.”

कायानोने तोंड मिटलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि संत्रं सोलायला घेतलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि गंमत बघा, नोव्हेंबरात शाळेच्या महोत्सवात मी अख्ख्या शाळेसमोर नाटकातली म्हातारी चेटकीण झाले होते. टाळ्या थांबेनात. तेव्हापासून मला वाटत होतं, आता आपण जगात कुणालाही काहीही सांगू शकतो. पण एवढुसं “मलाही यायचंय” काही तोंडातून बाहेर पडेना.

पुढचा आठवडा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. डबा खाताना दोघी माझ्यासमोरच बेत आखायच्या.

“चिगू, वाफवलेले गोड मांजू कुठल्या दुकानातले चांगले? पुलाच्या अलीकडचे की पलीकडचे?”

“पलीकडचे,” मी सांगायचे. आणि मनात, घसा भाजू दे तुझा.

“आणि पाणी फार कडक असतं म्हणे?”

“छे, कोमट असतं.” ते पाणी असं असतं की मी पहिल्या वर्षी एक अंगठा बुडवून सराईभर नाचले होते. पण रुरिकोने “थँक यू गं!” म्हणून तिच्या डब्यातला मोठ्ठा ऑक्टोपसचा गोळा माझ्या भातावर ठेवला. चव चांगली होती. त्यामुळे तर आणखीच राग आला.

कायानो मात्र काही बोलायची नाही. मी वाट बघत होते, आता विचारेल, मधल्या सुट्टीत विचारेल, सायकल काढताना विचारेल. तिने विचारलं ते एवढंच, “तुझा पंप देतेस?”

शनिवारी मी शेवटचा डाव टाकला. आईने केलेलं मुळ्याचं लोणचं घेऊन कायानोच्या घरी गेले. काकू तरी विचारतीलच! काकूंनी दार उघडलं, लोणच्याचा वास घेऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, “चिगुसा-चान, ऐकलं बाई, यंदा तुला जमत नाहीये. काही अडचण आहे का गं?”

आणि माझं तोंड काय म्हणालं असेल? “हो ना काकू, अभ्यास फार आहे.”

अभ्यास! मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला तो घेतला, वर त्यावर उभी राहिले.

आत दोघी कोतात्सूत होत्या. फोन मधोमध ठेवला होता आणि त्यातून तोकिए मावशीचा आवाज येत होता. “काय गं पोरींनो, आकडा सांगा लवकर. आत्ता खोली पक्की करायची आहे, दारात दुसरे पाहुणे थांबलेत. कितीजणी?”

“आईला धरून तीन, मावशी,” कायानो म्हणाली. आवाज एकदम बारीक.

“तीन? आणि आमची चिगू? ती छपरावर चढली नाही तर बर्फ कोण पाडणार?”

“तिला यायचं नाहीये.”

हे बोलताना कायानोने माझ्याकडे बघितलं नाही. बोटाने रजईवरचा माझा डाग घासत होती, जणू तो आज निघणारच होता. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. आठवडाभर हीसुद्धा कशाची तरी वाट बघत होती.

“यायचंय!” मी ओरडले. चेटकिणीच्या आवाजातच ओरडले बहुतेक, कारण स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. “मावशी, मी येतेय! मला यायचंच होतं! कुणी मला दुसऱ्यांदा विचारलंच नाही!”

 मग तोकिए मावशी अशी हसली की फोन टेबलावर थरथरला. “म्हणजे एकदाच नको म्हणाली होतीस? अगं, मग ते मी कशाला धरते? येते गं खोली पक्की करून. चौघींची.”

“मग पहिल्यांदाच सांगायचं ना!” रुरिको डोळे विस्फारून म्हणाली. “मला कसं कळणार? आमच्याकडे नको म्हटलं की ताट उचलतात.”

“मला वाटलं, तुला आता माझ्याबरोबर यायचंच नाही,” कायानो म्हणाली.

“मूर्ख आहेस!”

“तू मूर्ख!”

आणि घुर्र! पाणी पीत असती तर नाकातून आलं असतं, इतकी मोठी घुर्र. ती मी काढली होती. रुरिकोने नाही.

मग मी मोठ्या मनाने, म्हणजे मोठ्या मनाचं नाटक करत म्हटलं, “रुरिको, मधलं अंथरूण तूच घे. पहिल्यांदा येतेयस.” आणि हो, पाणी कडक असतं हेही सांगून टाकलं. अंगठा आधी, बाकीची तू नंतर.

रुरिकोने क्षणभर विचार केला. मग मान खाली घालून, अगदी आमच्यासारखी, म्हणाली, “नको नको, मी आपली कडेला.”

“ठीक आहे,” मी म्हटलं. “नको तर नको.”

तिचं तोंड उघडंच राहिलं. कायानो रजईत तोंड खुपसून हसत होती. मी एक संत्रं सोललं, सावकाश, एकेक धागा काढत, आणि अर्धं रुरिकोपुढे ठेवून मधल्या अंथरुणाचं दुसऱ्यांदा विचारलं.

“नको,” ती म्हणाली, पण माझ्या तोंडाकडे बघत, आशेने.

तिसऱ्यांदा विचारायचं की नाही, ते मी युनोसावाला पोचल्यावर ठरवणार आहे.