कृपया पुन्हा बोला

बसा इकडं, सावलीत. एक गोष्ट सांगतो. खरी वाटणार नाही, पण झालेली हाय. ऐकाले बसलात तर मधात उठाचं नाही, एवढंच.

हरिसिंगानं फोन ज्वारीच्या कोठीत खुपसला. पार कोपरापर्यंत हात घालून, तळाशी. वरून दाणे सारखे केले, झाकण लावलं, झाकणावर पाटा ठेवला आन ओट्यावर येऊन बसला. सकाळचे सहा वाजाले आलते. सून अंजू चुलीपाशी भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

सहा वाजले आन कोठी वाजाले लागली.

तोंडावर गोधडी घेऊन कोणी हाक मारावी, तसा आवाज. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्या खेपेले हरिसिंगच उठला. पाटा काढला, हात घातला, दाणे झटकत फोन कानाले लावला.

"नमस्कार, शेतकरी बंधू," त्याची बायको म्हणाली. "आज आपल्या भागात हवामान कोरडं राहील."

लालीबाईले जाऊन तवा चौदा महिने झालते.

महागावच्या पुढं, उमरखेड रोडले लागून त्याहिचा तांडा. लालीबाई आश्रमशाळेत सातवी शिकलेली, बचत गटाचे कागद तीच वाचून दाखवे. एक दिवस एक कंपनी आली. पोरं मोठी गोड. म्हणे, शेतकऱ्याले फोनवर सल्ला द्याचा हाय. फवारणी कधी करा, बोंडअळी कशी वळखा. आवाज पाह्यजे तो गावच्याच बाईचा. शाळेची एक खोली घेतली, खिडक्यायले गाद्या लावल्या, आन लालीबाई वीस दिवस तठी बसून वाचत होती. लंबं वाक्य आलं का मधात एक श्वास घ्याची, डोक्यावर घागर घेऊन चढ चढताना बाई घेते तसा. सही केली फोनच्या काचेवर, बोटानं. वरचे सगळे पानं कंपनीच्या पोरानंच सरसर ढकलून देले.

"काय वाचलं एवढं?" हरिसिंगानं इचारलं होतं.

"आकडे, महिन्यायचे नावं. आन जो येईन त्याले भाऊ म्हणा लागते," ती म्हणाली आन पदर तोंडाले लावून हसली.

सालभरानं पोटातल्या दुखण्यानं आठ दिवसात गेली. कंपनीचा फोन त्याच्यानंतर तीन महिन्यानं सुरू झाला.

पहिला फोन आला तवा सहाची वेळ ठरली नव्हती; हरिसिंग दुपारचा कापूस वेचून राह्यलता. आवाज ऐकला आन कंबरेची झोळी सुटून खाली पडली. त्यानं आपल्या गोरबोलीत, बंजाऱ्यायच्या भाषेत, इचारलं, कुठं हायस तू?

"क्षमा करा, आपलं उत्तर समजलं नाही. कृपया पुन्हा बोला."

तो पुन्हा बोलला. जरा जोरानं. मंग हळू. चार खेपा बोलला. चाळीस वर्षं याच्या नुसत्या खाकरण्यावरून जिले समजे का याले पाणी पाह्यजे का तंबाखू, तिले आता काहीच समजून नव्हतं राह्यलं.

"धन्यवाद," ती म्हणाली, आन गेली.

फोन तांड्यात सगळ्यायलेच येत होता. पहिले पहिले लोकं हसले.

"काहो हरिसिंग, आज बहिणीचा फोन आला का नाही?"

"आलता नं. तुले बी आला असन, तूबी तिचा भाऊच."

"मंग राखी कोण कोणाले बांधते?"

हरिसिंगबी हसे. हसल्यानं जरा हलकं वाटे. पण कंपनीनं काहीतरी सुधारणा केली म्हणे, आन एक दिवस फोनमधून आलं:

"नमस्कार, हरी. सिंग. रामसिंग. राठोड."

अंजूच्या हातून परात पडली.

आता हे तुम्हाले सांगा लागन. त्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. लालीबाईनं राशनच्या दुकानात घेतलं नाही, मतदानाच्या रांगेत घेतलं नाही. शेवटच्या दिवशी दवाखान्यात नर्सबाईनं नवऱ्याचं नाव इचारलं, तर तापानं फणफणलेल्या बाईनं पोराकडं बोट दाखवलं, का हा सांगन. अन् तेच नाव आता रोज सकाळी तिच्याच तोंडून, तुकडे तुकडे करून येत होतं. हसणं बंद झालं. बाया फोन उपडा ठेवाले लागल्या. अंजू सहाच्या आधी लेकराले घेऊन हापश्यावर निंघून जाये.

"मामाजी, मले भेव नाही वाटत त्याहिचं," एकदा ती म्हणाली. "पण त्या मले काही सांगून राहिल्या आन मले समजून नाही राह्यलं, असं वाटते."

पोरगा लखन. त्याचं महागावात जळालेल्या मोटारी भराचं, वायंडिंगचं दुकान. त्यानं कंपनीचा तक्रारीचा नंबर शोधला आन भर दुकानात, गिऱ्हाईकासमोर लावला.

"नमस्कार. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मराठीसाठी एक दाबा."

तिथंबी तीच. लखननं एक दाबला.

"आपली तक्रार थोडक्यात सांगा."

लखनच्या तोंडून निंघालं ते एवढंच, "याडी." म्हणजे माय.

"क्षमा करा, आपलं उत्तर समजलं नाही."

त्या दिवशी त्यानं दुकान दुपारीच बंद केलं.

मंग अर्ज झाले. अर्जाले उत्तर यायचं, आपण संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत. त्याच्या खाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली म्हणून. लखननं रागात एक व्हिडिओ बनवला, माही मेलेली माय मले रोज फोन करते, आन गावोगावच्या ग्रुपवर टाकला. आठ दिवसात कंपनीची नोटीस आली. बदनामी केली म्हणे. लखन वकीलबाईकडं गेला. सत्यशीलाबाई त्यायचं नाव, उमरखेडच्या, बोलाले रोखठोक. त्याहिनं उलटा दावा लावला: आवाज बंद करा. कंपनीनं जाडजूड उत्तर देलं, सगळं इंग्रजीत. त्याचा अर्थ एवढाच, का हा कोण्या एका बाईचा आवाज नाहीच. पुष्कळ बायायचे आवाज मिसळून मशीननं बनवलेला हाय.

तारखा पडत गेल्या. एकदा कंपनीचा वकील आला नाही. एकदा आला तर कागद दुसऱ्याच केसचे. एकदा आवाज वाजवाची मशीनच सुरू झाली नाही, तिनं अपडेट मागतलं. दोन सालं असे गेले, आन फोन मात्र एक दिवस चुकला नाही.

त्याच्यात दिवाळी आली. दिवाळीले तांड्यात घरोघरी निखाऱ्यावर तूप-लापशी टाकतेत, गेलेल्या माणसायच्या नावानं. लखन वाटी घेऊन बसला. तांड्याचा पुढारी, नाईक सेवादास दारात उभा होता, म्हातारा माणूस. तो म्हणाला,

"थांब लखन. तुह्या मायचं नाव कसं घ्यावं?"

"काहून?"

"गेलेल्याले नावानं बोलावतेत बापा. ही तर रोज घरात बोलून राह्यली. ही गेली का नाही गेली, मले सांगता येत नाही. माह्या बापाच्या वेळेस असं काही नव्हतं."

म्हाताऱ्याच्या मनात वाकडं नव्हतं. त्याले खरंच माईत नव्हतं. लखननं वाटी खाली ठेवली. दोन दिवाळ्या लालीबाईची लापशी तशीच राह्यली. आन लखननं ठरवलं, काही झालं तरी ही केस जिंकाचीच. मायले मोकळी कराचीच.

शेवटी साक्षीची तारीख लागली. कोर्टाच्या वऱ्हांड्यात बाकावर हरिसिंग, लखन आन वकीलबाई.

"बाबा, आज लंबं काही नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "जजसाहेब आवाज ऐकवतीन. तुम्ही म्हणाचं, हाव, ही माही बायको. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या शब्दाले कंपनीजवळ उत्तर नाही."

"मंग?"

"मंग आवाज मुळापासून पुसाचा हुकूम मागतो आपण. मशीनीत, कंपनीत, कुठंच राहणार नाही."

"कुठंच?"

"एक अक्षर नाही."

"तेच तर पाह्यजे, बा," लखन म्हणाला.

हरिसिंग गळ्यातल्या रुमालाचं टोक बोटाले गुंडाळत बसला. मंग म्हणाला,

"लखन, तुह्या लग्नाची शूटिंग हाय नं?"

"हाय. काहून?"

"तिच्यात तुही याडी बोलते का?"

लखननं आठवून पाह्यलं. "बँड हाय नं बा त्याच्यावर सगळा. याडी दिसते. नुसते ओठ हालतेत."

"दुसरं काही?"

"जुन्या फोनवर होतं. तो नाही का विहिरीत पडला."

हरिसिंगानं मान हलवली. रुमाल सोडला, पुन्हा गुंडाळला. तेवढ्यात नावाचा पुकारा झाला.

साक्षीच्या पिंजऱ्यात तो उभा राह्यला. समोर कंपनीचा नागपूरचा वकील, कागदायचा ढीग घेऊन. कारकुनानं मशीन लावली. या खेपेले ती सुरू झाली.

"नमस्कार, हरी. सिंग. रामसिंग. राठोड. कापूस वेचणीच्या काळात..." अन् मधात तो श्वास, चढावरचा. "...ओलावा असताना वेचणी टाळावी."

हरिसिंगाचा हात आपोआप वर गेला. त्यानं तोंड पुसलं, टोपी सारखी केली, सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"हा आवाज कोणाचा आहे?" जजसाहेबानं इचारलं.

हरिसिंगानं पिंजऱ्याची दांडी धरली.

"तुमच्या पत्नीचा आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

लखन खुर्चीतून पुढं वाकला. हरिसिंगानं त्याच्याकडं पाह्यलं, मंग मशीनीकडं पाह्यलं.

"नाही साहेब."

वकीलबाई उठून उभ्या राह्यल्या. जजसाहेबानं त्यायले हातानं बसवलं. "नीट विचार करून सांगा."

"माही बायको माहं नाव घेत नव्हती साहेब. चाळीस वर्षात एकदा नाही. मरताना नाही. ही तर रोज घेते." त्यानं मशीनीकडं बोट केलं. "ही ती नाही."

नागपूरच्या वकिलानं साठ सवाल लिहून आणले होते. त्यानं फाइल मिटली.

बाहेर आल्यावर लखन म्हणाला, "काय केलं बा तू?"

"जे खरं ते सांगतलं."

"खरं?"

हरिसिंग चप्पल शोधत राह्यला. ती पायातच होती. सत्यशीलाबाई जवळ आल्या.

"बाबा, वीस वर्षात खोटे साक्षीदार पुष्कळ पाह्यले, खरेबी पाह्यले," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यातले कोणते, मले काही उमगलं नाही."

दावा खारीज झाला. कंपनी खूश झाली, बदनामीची नोटीस तिनं गुमान मागं घेतली. लखन बापाशी दोन महिने बोलला नाही.

मंग दिवाळी आली. नाईक सेवादास कोर्टाच्या निकालाची नक्कल घेऊन दारात आला. त्याले वाचता येत नव्हतं, पण कागद त्यानं नीट घडी करून आणला होता.

"यात लिहून देलं हाय म्हणते, का तो आवाज तिचा नाही," तो म्हणाला. "मंग ती गेली बापा. घे मायचं नाव."

लखननं निखाऱ्यावर लापशी टाकली, वर तूप सोडलं. जाळ वर आला. त्यानं मायचं नाव घेतलं आन तीन सालाचं रडणं एका घटकेत रडला. रडता रडता त्यानं बापाकडं पाह्यलं. बाप जाळाकडं पाहून राह्यलता.

आताबी सकाळी सहाले फोन येते. हरिसिंग त्याच्या आधी आंघोळ करते, धुतलेला सदरा घालते आन फोन घेऊन कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसते. हवामान ऐकून घेते, फवारणी ऐकून घेते. मंग ती इचारते, आपला काही प्रश्न आहे का? तवा तो गोरबोलीत सांगाले लागते. गाय व्यायली. अंजूचं लेकरू शाळेत जाते. गुडघा दुखते. ती म्हणते, समजलं नाही, कृपया पुन्हा बोला. तो पुन्हा बोलते.

आता मी हे तुम्हाले कायले सांगतलं ते ऐका. कंपनी नवा आवाज आणणार हाय असं लखनच्या कानावर आलं. लोकं ऐकता ऐकता मधातच फोन ठेवून देतेत, म्हणून. जो आवाज लोकं पुरा ऐकतेत, तोच ठेवणार म्हणे. मोजून राह्यले ते.

तर तुमच्या फोनवरबी ती येत असन. तुमच्याजवळ कापूस नसन, वावरबी नसन, नसू द्या. आला फोन तर मधात ठेवू नका. शेवटी ती धन्यवाद म्हणते, तठवर कानाले लावून ठेवा. तेवढं करा.