आठव्या नंबरची फळी

"पुन्हा उलटी," एमरिस स्वतःशीच म्हणाला आणि त्याने करवत खाली ठेवली.

मागच्या अंगणातल्या बाकावर फळीचा दोन फुटी तुकडा पडला होता. काप स्वच्छ होता, पंचेचाळीस अंशांत तसूभरही चूक नव्हती. फक्त तो भलत्याच बाजूला तिरपा गेला होता. भिंतीचा कोपरा बाहेर आलेला असला की तिच्या पायथ्याशी लावायच्या स्कर्टिंगच्या फळीचं तोंड, म्हणजे दर्शनी बाजू, लांब लागतं आणि पाठ आखूड. याने पाठ लांब ठेवून तोंडच कापलं होतं. सकाळच्या तुकड्याचंही हेच झालं होतं. फळीच्या वरच्या कडेला गोलाई होती, त्यामुळे उलटीपालटी करून लावायचीही सोय नव्हती.

"काय रे, चुलीसाठी ढलप्या पाडतोयस का?"

अंगणाच्या भिंतीवरून शेजारच्या ह्यूचं डोकं वर आलं. गावात ह्यू तीन होते, म्हणून हा दूधवाला ह्यू. दूध घालणं सोडून त्याला नऊ वर्षं झाली होती, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

"स्कर्टिंग कापतोय."

"ते दिसतंय. शेगडीजवळचा कोपरा ना? आण इकडे, मी देतो कापून."

"नको."

"अरे बाबा, लाकडाचं दुकान बाराला बंद झालं. आता सोमवारशिवाय उघडायचं नाही. आणि उद्या चॅपलातली अख्खी मंडळी प्रार्थनेनंतर तुझ्या पुढच्या खोलीत चहाला बसणार."

"माहितेय मला."

"फळी किती उरलीय?"

"एक तुकडा."

ह्यूने दोन्ही ढलप्यांकडे पाहिलं. "नेस्टा असती तर..." असं म्हणून तो थांबला, कानामागे खाजवत राहिला, आणि मग घाईघाईने, "चहाचं पाणी ठेवलंय गॅसवर," असं पुटपुटत खाली गेला.

एमरिस उभाच राहिला. बायकोचं नाव कानावर पडलं की आत काहीतरी हलेल, असं त्यालाही वाटत होतं. आठ दिवस तो वाट पाहत होता. मंगळवारी दफन झालं, तेव्हाही सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि तो मात्र थडग्याच्या कडेला ठेवलेल्या फळ्या ओल्या आहेत, कुणी घसरू नये, एवढंच बघत होता. इंजिन चालू असावं, पण गिअर पडलेलाच नसावा, तसं त्याचं झालं होतं.

एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. पाटीच्या दगडाच्या खाणीवरून जाणारा तो अरुंद रस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. समोरून मेंढ्यांची गाडी आली की बस अर्धा मैल मागे घ्यायची, तीही आरशात बघून. पोरं आत गाणी म्हणत असायची. बसला त्याने कधी ओरखडा येऊ दिला नाही. पण लाकडाचा तिरपा काप म्हटला की त्याचं डावं-उजवं हमखास उलटं व्हायचं. भिंतीपाशी माप घेऊन तो अंगणात यायचा, घराकडे तोंड करून उभा राहायचा, की संपलंच.

"जन्मभर आरशात बघितलंस ना," नेस्टा म्हणायची, "म्हणून तुला सगळं जग उलटं दिसतं."

मग तीच भिंतीशी जमिनीवर बसायची, फळी जागेवर धरायची आणि वरच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढायची. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे ताटं वाढणारी बाई. तिच्या हाताला घाई ठाऊक होती, गडबड नाही. "रेघ बघ आणि काप. डोकं चालवू नकोस." त्याने डोकं चालवलं नाही, म्हणून वरच्या दोन्ही खोल्या, जिना आणि पुढची खोली यांचे सगळे कोपरे असे बसले होते की सांध्यात नख जाणार नाही.

फेब्रुवारीत नेस्टासाठी दवाखान्याकडून चाकांचा पलंग आला. घरातला बोळ अरुंद, पलंग दारातून वळेना. आणणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "स्कर्टिंग काढलंत तर दीड इंच मिळेल. मग बसेल." पुढच्या खोलीतही पलंग भिंतीला अगदी चिकटवल्याशिवाय मावेना, म्हणून भिंतीतल्या शेगडीपर्यंतच्या फळ्याही काढाव्या लागल्या. नेस्टा शाल गुंडाळून खुर्चीवर बसली होती. प्रत्येक फळी निघाली की ती मांडीवर घ्यायची, पाठीवर नंबर लिहायची. आठवी फळी काढताना मोडली. आतून ओलीने कुजलेली होती.

"ही नवी लागेल," एमरिस म्हणाला होता. "नंतर बघू."

"नंतर तू बघशील." तिने पेन्सिल कानामागे खोवली. "एक सांगते, ऐक. पलंग बाहेर गेला की पहिल्या रविवारच्या आत ही खोली खोलीसारखी झाली पाहिजे. लोक चहाला येतील. त्यांनी खुर्चीवर बसावं, माझ्या आजारावर नको."

"काहीतरीच बोलतेस."

"वचन दे."

त्याने दिलं. दफन झालं की पुढच्या रविवारी घरच्यांनी चॅपलमध्ये जायचं, अख्खी उपासना बसून ऐकायची, स्तोत्रांनाही कुणी ऊठ म्हणत नाही. आणि नंतर गाव पुढच्या खोलीत चहाला येतं. तिच्या आईचं तसंच झालं होतं, आजीचंही. तो रविवार उद्यावर आला होता. सात फळ्या शेडमधून येऊन, नंबर बघून, जागच्या जागी गेल्या होत्या. आठवीच्या जागी उघडा गिलावा दिसत होता, दात पडलेल्या हिरडीसारखा.

तो उरलेला तुकडा घेऊन पुढच्या खोलीत आला. नेस्टाची थोरली बहीण कॅटरिन चांगला काळा कोट खुर्चीवर टाकून, बाह्या वर करून, गालिच्यावर गुडघे टेकून बसली होती. पलंगाच्या चार चाकांनी गालिच्यात चार खड्डे पाडले होते. ओलं फडकं ठेवून त्यावर ती गरम इस्त्री फिरवायची आणि गालिच्याची दबलेली लव बोटांनी उभी करायची. तीन खड्डे नाहीसे झाले होते.

"कापलीस?"

"उलटी गेली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग सोफा सरकव की थोडा पुढे! कोण वाकून बघायला जातंय? पाद्रीबाबांना तर चष्म्याशिवाय बशी दिसत नाही."

"तिला चाललं नसतं."

कॅटरिनने इस्त्री बाजूला ठेवली. तिचे डोळे भरले, तिने ते मनगटाने पुसले. तिला रडणं सहज जमत होतं. एमरिसने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, दुसऱ्याच्या घरातली वस्तू पाहावी तसं.

मग तो खाली बसला. भिंतीशी, कोपऱ्याजवळ, जिथे ती बसायची तिथे. इतक्या वर्षांत तो इथे कधी बसला नव्हता. तो नेहमी अंगणात, करवतीपाशी. इथून बोळ दिसत होता, स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, आणि त्यापलीकडे अंगणातला बाक. म्हणजे तिला तो येताना-जाताना पूर्ण दिसत असे. बूट, मग गुडघे, मग फळी. हे त्याला माहीतच नव्हतं.

त्याने फळी भिंतीला लावली. शेगडीकडचं टोक सरळ बसलं, की कोपऱ्याकडचं वर उचललं जायचं. कोपऱ्याकडचं दाबलं, की शेगडीकडचं सुटायचं. तो हे दोनतीनदा करत राहिला.

"धरू का?" कॅटरिनने विचारलं.

"धर."

"कुठे?"

"शेगडीच्या बाजूला. घट्ट नको, नुसती टेकवून."

ती चांगल्या स्कर्टवर राख लागेल याची पर्वा न करता आडवी झाली आणि तिने टोक धरलं. "आमच्या नेस्टाला हे असलं कुणी शिकवलं, देव जाणे," ती म्हणाली. "आई तर खिळा ठोकायलाही गड्याला बोलवायची."

एमरिसने पेन्सिल घेतली. सातव्या फळीच्या वरच्या कडेवर, अगदी सांध्यापाशी, जुन्या रंगाखालून एक फिकट तिरपी रेघ दिसत होती. एवढी वर्षं ती तिथेच होती. त्याने कोपऱ्याच्या टोकापासून भिंतीकडे आपली रेघ ओढली, जागेवरच, डोकं न चालवता. मग फळी काढून तिच्या पाठीवर आठचा आकडा घातला. आकडा वाकडा आला.

"आता?" कॅटरिनने विचारलं.

"आता रेघ बघून कापायचं."

अंगणात जाताना त्याने फळी दोन्ही हातांत आडवी धरली होती, भरलेलं ताट न्यावं तशी. तिरपा काप घेताना करवत धरून ठेवणाऱ्या खाचांच्या लाकडी पेटीत ती ठेवली. रेघेशी जुळणारी खाच डोळ्यांना चुकीची वाटत होती. ही उलटीच जाणार, असं सगळं अंग सांगत होतं. भिंतीपलीकडे ह्यू उभा असावा. खोकला ऐकू आला, डोकं मात्र वर आलं नाही. एमरिसने डोळे मिटले, उघडले, फक्त रेघेकडे पाहिलं आणि करवत चालवली.

फळी बसली.

त्याने अंगठा सांध्यावरून फिरवला. नख गेलं नाही. चार बारीक खिळे ठोकले, त्यांची डोकी आत बसवली. कॅटरिन म्हणाली, "बरोबर तिच्यासारखी," आणि या वेळी तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. तो "हं" म्हणाला. आत कुठे काही हललं का, ते त्याने तपासलं. नाही.

"ऊठ आता," ती थोड्या वेळाने म्हणाली. "तुझ्या पायापाशी शेवटचा खड्डा राहिलाय. तेवढा काढते, की झाली बघ खोली."

"तो असू दे."

"अरे, दिसेल."

"असू दे, कॅटरिन."

तिने इस्त्रीची वायर गुंडाळली.

रविवारी खोली भरली. खुर्च्या कमी पडल्या, ह्यूने आपल्या घरून चार आणल्या. मनुकांचा पाव होता, लोणी होतं, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी केलेले खिम्याचे वडे होते. सुरुवातीला लोक हळू बोलत होते. मग मेंढ्यांवर आले, मग शेजारच्या गावाशी झालेल्या सामन्यावर, आणि कुणीतरी मोठ्याने हसलंसुद्धा. हसणाऱ्याने चपापून एमरिसकडे पाहिलं. एमरिसने त्याच्यापुढे वड्यांची बशी धरली. शेगडीकडे, कोपऱ्याकडे, खाली भिंतीकडे कुणी म्हणजे कुणी पाहिलं नाही. इथे नऊ आठवडे कुणी झोपून होतं, असं त्या खोलीकडे बघून सांगता आलं नसतं. तिने मागितलं होतं ते हेच.

तो कोपऱ्याजवळ, गालिच्यातल्या त्या राहिलेल्या खड्ड्याशी, बुटक्या स्टुलावर बसला होता. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, गुडघे जुळवून, अंग चोरून. नऊ आठवडे पलंगाच्या चाकाला धक्का लागू नये म्हणून बसायचा तसा.

पाद्रीबाबांनी कप खाली ठेवला. "एमरिस, असे अवघडून का बसलात? पाय पसरा की. भरपूर जागा आहे."

"हो, आहे," एमरिस म्हणाला.

पाय त्याने तसेच ठेवले.