एक्केचाळिसावी

रघोजीरावांना गल्लीतलं काय ठाऊक नव्हतं? तंजावूरच्या राजवाड्यामागची ती गल्ली. कुणाची सून कुठली, कुणाचा आजा कशानं गेला, सगळं तोंडपाठ. नगरपालिकेत हेडक्लार्की करून निवृत्त झालेला माणूस! म्हणून तर मिशनच्या पास्टर देवसहायम यांनी मोतीबिंदूच्या शिबिराची यादी त्यांच्यावर सोपवली. चाळीसच जागा.

"राव सार, घरोघर जा," पास्टर म्हणाले. "एकही माणूस सुटता कामा नये. देवाच्या लेखी कुणीच फालतू नाही."

"ते मला सांगायला नको." पहिलं नाव रावांनी स्वतःचं लिहिलं. डावा डोळा पार गेला होता, आणि चार महिन्यांवर मुलीचं, कविताचं लग्न आलेलं.

शिबिराच्या सकाळी शाळेच्या पटांगणात पास्टर एकेकाला नावानं हाक मारून, हाताला धरून व्हॅनमध्ये बसवत होते. तेवढ्यात भिंत चाचपत एक म्हातारी आली. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि मान हलवली. दोन्ही डोळे गेलेत, ऑपरेशन याच शिबिरात व्हायला हवं, पुढल्या वर्षीच्या शिबिरापर्यंत थांबलं तर हाती काही लागायचं नाही.

"यादीत नाही ही," पास्टर म्हणाले. "कोण, राव सार?"

रावांनी तिला ओळखलं. एकोणीस वर्षं ही बाई त्यांच्या मागल्या दाराची मोरी धूत होती. सणाला उरलेला भात वरूनच तिच्या पदरात टाकायचा, हात न लावता. राव घरोघर फिरले खरे, पण पुढल्या दारांनी. मागल्या दाराची माणसं यादीत धरायची असतात हे मेलं डोक्यातच आलं नाही! अहो, वर्षभर ती मोरी हातानं चाचपून धूत होती, आणि हेच राव ओट्यावरून खेकसत होते, "डोळे फुटलेत का तुझे?"

"आमच्याकडे येते," ते पुटपुटले.

"नाव काय तिचं?"

कपाळ! नाव कुठं माहीत होतं?

पास्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "चाळीस भरले," एवढंच म्हणाले.

रावांनी मनाला किती समजावलं! उजव्यानं थोडं दिसतंय, पण थोडंच. लग्नात मुलीचं तोंडही धड दिसायचं नाही. आणि बाई काय, कुणीतरी बघेल तिचं. पण कोण बघणार होतं?

"पहिलं नाव खोडा," ते एकदाचे म्हणाले. चांगुलपणा म्हणू नका हं त्याला. लाज होती ती, जीव खाणारी.

पास्टरांनी नाव खोडलं. "तिथं काय लिहू?"

राव म्हातारीपाशी गेले. इतक्या जवळ ते कधी उभेच राहिले नव्हते.

"अम्मा, तुमचं नाव काय?"

म्हातारीनं रावांचा, तिच्या सामींचा, आवाज ओळखला. सामी ज्या अम्मांशी बोलतायत त्या आपल्या मागं असतील, म्हणून ती घाईघाईनं अंग चोरून वाटेतून बाजूला झाली.