ताईंसाठी ठेवलेली चूक

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामात एक चूक असायची. चुकून झालेली नव्हे, ठरवून ठेवलेली.

ही कल्पना माझी, आणि ती सांगताना मला जराही लाज वाटत नाही. कारखाना म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर वरच्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. तिथे आम्ही पडदे शिवतो, सोफ्यांची कव्हरं शिवतो. मालकीण म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात ती माझी नणंद, खोलीत सगळ्यांच्या ताई. कापडावर ताईंचा हात असा चालतो की बघत राहावं. पण दुसऱ्याचा हात चालायला लागला की यांच्या जिवाची घालमेल सुरू. एखादं काम अगदी बिनचूक झालं तर त्या जास्तच अस्वस्थ व्हायच्या. "काहीतरी राहिलंय, मला कळतंय," म्हणत चांगली घट्ट टीप उसवून बघायच्या. मग ती परत घाला.

मी इस्त्रीवर असते. एकदा वैतागून मी एका पडद्यावर सुरकुती तशीच सोडली. ताईंनी क्षणात पकडली. "तरी म्हटलं!" त्या म्हणाल्या, चेहरा फुलला, बाकीचा पडदा त्यांनी बघितलासुद्धा नाही. मी हे मशीनवरच्या वादळकाकांना सांगितलं. त्यांना वादळ म्हणतात कारण त्यांची मशीन सुरू झाली की खिडक्या थरथरतात. त्यांनी हातशिलाईच्या मावशींना सांगितलं. मावशींचं टोपणनाव सावकाश, त्यामुळे त्यांना पटायला थोडा वेळ लागला. पण तेव्हापासून रीतच पडून गेली. प्रत्येकाने ताईंसाठी एक छोटीशी चूक ठेवायची, ताईंनी ती पकडून दोन शब्द सुनावायचे, की सगळे मोकळे.

हे सगळं छान चाललं होतं. मग भाची आली.

भाची म्हणजे ताईंची एकुलती एक लेक. दुसऱ्या शहरात मोठ्या नाटक कंपनीसाठी कपडेपट सांभाळून आलेली. इथे वर्षभर तिने आईचा जाच सोसला; आमची रीत मात्र तिला कुणी सांगितली नव्हती. एके सकाळी तिने कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आई, त्या कंपनीने मला परत बोलावलंय. सोमवारपर्यंत कळवायचंय. गावातल्या नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलंय ना, ते मला दे. संपूर्ण. तू हात लावायचा नाहीस, बघायचंसुद्धा नाही. जमलं तर मी राहीन. नाहीतर मी चालले."

ताईंचा चेहरा उतरला. नवरा गेल्यावर हीच लेक आणि हीच खोली, एवढंच त्यांना उरलं होतं.

"बघायचंसुद्धा नाही?"

"नाही."

"बरं," ताई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, म्हणून आम्ही कुणीच विश्वास ठेवला नाही. ताई आणि न बघता राहणार? अहो, या बाई दुसऱ्याच्या लग्नात गेल्या तरी मांडवाच्या झालरी उलटून बघतात.

काम मात्र झकास चाललं. मेजांवरून लालभडक मखमल नुसती वाहत होती. भाची कुणाच्या मानेवर बसली नाही. "काका, खालची दुमड कशी घालावी, तुम्ही ठरवा. मावशी, हूक तुमच्याकडे. मामी, वाफ तुझ्याकडे. ज्याचं काम त्यानेच तपासायचं, अडलं तर सगळ्यांनी मिळून बघू." वादळकाका तर इतके खूश झाले की शीळ घालायला लागले. ताई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उशांचे अभ्रे शिवत होत्या. हात इतके शिवशिवत होते की एका दिवसात त्यांनी ढीगभर अभ्रे शिवून टाकले. मान मात्र वळवली नाही.

पडदा टांगायचा दिवस आला. संध्याकाळी पहिला प्रयोग, दुपारी पडदा चालवून बघायचा. नाट्यगृहाचे व्यवस्थापक, एक शांत गृहस्थ, पहिल्या रांगेत बसले. ताई त्यांच्या शेजारी, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

भाचीने दोरी ओढली.

डावा भाग निम्म्यापर्यंत आला आणि खटकन अडकला. उजवा भाग ऐटीत सरकला, पण त्याच्या दुमडीतून वजनासाठी घातलेली साखळी बाहेर पडली आणि खळखळत रंगमंचावर पसरली. आणि दिव्याच्या झोतात, डाव्या भागाच्या अगदी मधोमध, झळकत होती माझी सुरकुती.

मी काकांकडे पाहिलं, काकांनी मावशींकडे. एकाच वेळी तिघांनाही उलगडा झाला. आम्ही सवयीने ताईंची चूक ठेवली होती. काकांनी दुमड वीतभर उघडी, मावशींनी एक हूक उलटा, मी सुरकुती. ताई गुपचूप येऊन बघतीलच, असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. ताईंनी शब्द पाळला, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं!

भाची पांढरीफटक पडली. ताई उठल्या. "हे तपासलं कुणी?"

"ज्याचं त्याने, आई," भाची कसंबसं म्हणाली.

"ताई, ते तुमच्यासाठी होतं!" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्यासाठी?"

मग मावशींनी सगळं सांगितलं. सावकाश. सुरुवातीपासून. मी दोनदा खोकले, त्यांनी लक्षच दिलं नाही. गोष्ट माझ्या पहिल्या सुरकुतीपर्यंत पोचली तेव्हा मला त्या साखळीवरून चालत कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं.

ताई खुर्चीत बसल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं ज्या चुका पकडल्या, त्या तुम्ही मला दिलेल्या?"

"बहुतेक," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"मला वाटायचं, मी नसते तर…" मला फार वाईट वाटलं. ताईंची मी कितीही चेष्टा करत असले तरी त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि त्या डॉक्टरांच्या सोफ्याचा वाकडा काठ?" त्यांनी काकांना विचारलं. "मी किती बोलले होते तुम्हाला!"

"बोललात ना. बोलून झालं की तुम्हाला भूक लागते, ताई. मग आमचीही जेवणाची सुट्टी वेळेवर होते."

ताईंनी काकांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलायला लागले. आता रडतात की काय, असं वाटलं आणि त्या हसत सुटल्या. अशा हसल्या की शेजारचे व्यवस्थापक दचकून उभेच राहिले. मग भाचीलाही आवरेना, आणि रिकाम्या नाट्यगृहात आम्ही सगळेच खिदळत राहिलो.

"पण संध्याकाळी प्रयोग आहे," व्यवस्थापक बिचारे हळूच म्हणाले.

भाचीने डोळे पुसले. सवयीप्रमाणे आम्ही सगळे ताईंकडे बघायला लागलो. ताईंनी बोट लेकीकडे दाखवलं. भाचीने मात्र आमच्याकडे पाहिलं. "बोला, कसं करू या?"

"पडदा उतरवायचा नाही," मावशी म्हणाल्या. "मी शिडीवर चढून हूक फिरवते."

"दुमड मी इथेच बसून हाताने घालतो," काका म्हणाले. "मशीनशिवाय मला येतं, फक्त कुणी विचारत नाही."

वाफेची इस्त्री आणायला मी पळालेसुद्धा.

परत आले तर सगळे कामाला जुंपलेले. ताई मधे उभ्या. काहीतरी सांगायला तोंड उघडत होत्या आणि मिटत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी काय करू?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"शिडी धर," भाची म्हणाली. "वर बघायचं नाही."

ताईंनी शिडी धरली. मावशी वर, त्यांच्या नेहमीच्या गतीने. मान अवघडली, पण ताईंनी वर पाहिलं नाही. फक्त एकदा विचारलं, "मावशी, झोप लागली का?"

"कामात आहे," वरून उत्तर आलं.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. दिवे मंदावले, पडदा सरसर दोन्हीकडे गेला. टाळ्या नटांसाठी होत्या, पण शेवटच्या रांगेतले आम्ही पडद्यासाठी वाजवत होतो. ताई सगळ्यांत जोरात, आणि डोळ्यांतून धारा. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. "लेकीचा आहे," ताईंनी त्यांना सांगितलं, आणि मग आमच्याकडे हात करून म्हणाल्या, "यांचा सगळ्यांचा."

राहणार की जाणार, हे मात्र भाचीने सांगितलं नव्हतं. विचारायची हिंमत कुणाला होईना.

सोमवार उजाडला. ताईंनी सकाळीच भाचीच्या मशीनसाठी एक कव्हर शिवलं, तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "तपासून दे."

काकांची मशीन थांबली. मी इस्त्री उभी करून ठेवली.

भाचीने कव्हर उलटंसुलटं केलं. "हे बटण वाकडं आहे. मुद्दाम ठेवलंस ना?"

"हो," ताई हसू दाबत म्हणाल्या. "म्हटलं, तुलाही जरा बरं वाटेल."

"आणि ही टीप? इथे घसरलीय."

ताईंनी चष्मा लावला. कव्हर खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघितलं. "ही नाही," त्या म्हणाल्या. "ही खरीच चुकली."

कुणी हसलं नाही. ताईंनी कव्हर लेकीच्या हातात दिलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

भाचीने कात्री घेतली आणि अलगद ती टीप उसवायला लागली. "मग मला कळवावंच लागणार त्या कंपनीला," ती म्हणाली. "येत नाही म्हणून. इथं तुझ्या कामावर लक्ष कोण ठेवणार?"