पंप कोणाच्या पाठीवर

दोनशे लिटरचा निळा ड्रम.

प्रश्न सातवा : फवारणीचा पंप पाठीवर कोण घेतं?

राळेगावहून सकाळची एसटी, एका खिडकीला काच नाही.

रक्ततपासणीच्या यादीत चाळीस नावं. चाळीसही पुरुष.

यादी शाल्मलीची. बोंडअळीच्या त्या हंगामात विद्यापीठाच्या धोरण विभागानं तिला गावात पाठवलं होतं. घरोघर सातवा प्रश्न विचारायचा, नावं उतरवायची. शनिवारी आरोग्य पथक फवारणीच्या विषबाधेसाठी त्यांचंच रक्त तपासणार, आणि पुढं जिल्ह्याची मदतही त्याच यादीवरून ठरणार.

गुरुवारी शाल्मली शेतमालक भगवानरावांच्या ओट्यावर बसली असताना रुपीबाई आली. त्यांच्याच वावरात ती मजुरीला जायची. तिनं हात पुढं केले. बोटांची सालं निघालेली. महिना झाला, डोकं गरगरतं, म्हणाली. आपलं नाव कधी पुकारणार?

भगवानराव हसले. "तू कुठी फवारते वो? पंप तं फकिराच्या पाठीवर रायते."

"अन् त्या पंपात औषध कोन भरते, भाऊ? तुमची म्हैस?"

ओटा हसला. शाल्मलीनं वही काढली आणि खोदून खोदून विचारलं. विहिरीचं पाणी बाया आणतात, ड्रमात औषध त्याच कालवतात, काडी मोडली की हातानं. भगवानरावांचा गडी फकिरा दिवसाला वीस पंप मारतो; वीसही रुपीबाई भरून देते. हे गावभर ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलं नाही.

तिनं विभागातल्या आपल्या वरिष्ठांना, चंद्रशेखर सरांना फोन लावला. मध्येच प्रश्न बदलला तर आकडे जुळायचे नाहीत, बायांचा अभ्यास पुढच्या वर्षी वेगळा करू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"सर, पुढच्या वर्षीपर्यंत त्या कालवतच राहतील."

मग चूक कोणाची, हे अहवालात लिहावं लागेल, सर म्हणाले. माझी, म्हणून लिहिते, असं सांगून तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी ती घरं सोडून ड्रमाड्रमानं फिरली. एकतीस नावं वाढली.

शनिवारी पथकाकडं एकाहत्तर नावांना रक्ताच्या नळ्या पंचावन्नच निघाल्या. शाल्मलीनं रांग बदलली, बाया पुढं. भगवानराव कुरकुरले. फकिरा मागं जाऊन उभा राहिला. रुपीबाईनं बाही वर सारली.

पहिल्यांदा औषध कालवलं तेव्हा रुपीबाई अकरा वर्षांची होती.