कागदींची जाळी

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! सफा कागदीचं असंच झालं, तेही भर वर्गात.

जुन्नरच्या शाळेत महिन्याभराने, एका शनिवारी, वारशाचं प्रदर्शन भरणार होतं. ज्याने त्याने आपल्या घरची पिढीजात वस्तू नाहीतर कला दाखवायची. सार्थक खापरपणजोबांची तलवार आणणार होता. डोंगरातल्या आंबोलीची प्रतिभा उखळात वरई कांडून दाखवणार होती. राहिली सफा.

"तुमचं काय गं? कागदी म्हंजी झेरॉक्सचं दुकान व्हतं का?" सार्थक म्हणाला आणि मागचा बाक खिदळला.

"आम्ही कागद बनवायचो, कागद! हाताने!" सफा ताडकन उठली. "त्या शनिवारी सगळ्यांसमोर कागदाचा ताव काढून दाखवते. नाही निघाला तर कागदी आडनाव लावणार नाही, जा!"

तसं बोलायला तिला आधार होता. तिचे दादा म्हणजे आजोबा, महंमद हनीफ. घरात पाहुणा टेकला रे टेकला की दादा दोन्ही तळवे पुढे करून सांगायचे, "हजारो ताव काढलेत या हातांनी!" आणि माळ्यावर जुन्या लुंगीत गुंडाळलेली, लगदा गाळून ताव काढायची जाळी होती. गवताच्या बारीक काड्या घोड्याच्या केसांनी विणलेल्या. मोहल्ल्यात तेवढी एकच उरली होती.

सफाने तागाचं गोणपाट दोन आठवडे चुन्यात भिजवलं, धुतलं, प्रतिभाच्या उखळात कुटकुट कुटून त्याचा लगदा केला. पण जाळीला दादा हात लावू देईनात.

"लई जुनी हाय. उगाच भिजवशील अन् काड्या तुटतील. शनिवारी एकदाच भिजवायची. मी हाय ना तिथं!"

म्हणून सराव झालाच नाही.

शनिवारी मैदानात ही गर्दी! टबात लगदा कालवलेलं पांढुरकं पाणी. सफाने चौकटीवर जाळी ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि खाली बुडवली. वर काढली तर लगदा एका कोपऱ्यात, नाकातल्या शेंबडासारखा. पोरं हसली. तीही हसली.

दुसऱ्यांदा बुडवली. या वेळी पसरला खरा, पण मधोमध फाटला. आणि जाळी धुताना आवाज आला, कट्. एक काडी तुटली.

कोणीच हसलं नाही आता. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"आता आडनाव काय लावायचं मग?" सार्थक म्हणाला. "जुन्नरकर लाव, सेफ हाय."

"तू तुझ्या तलवारीवरचा दुकानाचा स्टिकर काढ आधी," प्रतिभा खेकसली.

सफाने मान वळवली. दादा कडुनिंबाखाली उभे होते, हात पाठीमागे.

"दादा, या ना! तुम्हीच दाखवा एक!"

दादा जागचे हलले नाहीत. ती धावत गेली. "दादा, सगळे बघतायत. चला ना!"

"मला न्हाई येत बेटा."

"काय?"

"ताव काढायला." दादांचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं. "अब्बा काढायचे. मी ओला ताव भिंतीला लावायचो, वाळायला. नऊ वर्सांचा व्हतो. टाक्यातल्या पाण्याला हात पुरायचा न्हाई. नंतर कामच बंद पडलं."

"आणि हजारो?"

"हजारो लावले ना भिंतीला. पण मी भिंतीला लावायचो म्हटलं असतं, तर कुणी ऐकून घेतलं असतं?"

सफाच्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाचं. सरळ घरी निघून जावं. पण टबाजवळ अख्खी शाळा उभी होती आणि आडनाव पणाला लागलं होतं. तिने नाक पुसलं.

"पणजोबा काढायचे तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"समोर."

"मग काय दिसायचं? पटकन सांगा."

दादांनी डोळे मिटले. "जाळी सपाट न्हाई घालायचे. तिरपी, आपल्याकडं ओढत. वर आली की हलवायचे, सूप पाखडतात तसं. पुढंमागं, मग आडवं. अन्..." त्यांनी डोळे उघडले. "ओठ हलायचे त्यांचे. आकडे मोजायचे का बिस्मिल्ला म्हणायचे, मी कधी इचारलंच न्हाई."

सफा परत आली. जाळी तिरपी घातली, आपल्याकडे ओढली, वर काढली. पुढेमागे. मग आडवी. मनात काय म्हणावं कळेना, म्हणून तिने मोजलं. एक, दोन, तीन, चार... पुन्हा कट्! अजून एक काडी. तिने हात थांबवला नाही. सातला पाणी निथळलं.

जाळीवर साय धरावी तसा ताव बसला होता.

ती बोटं लावणार तोच, "थांब! हात नको लावू!"

दादा. म्हातारा माणूस इतक्या झपाट्याने चालतो हे तिने प्रथमच पाहिलं. त्यांनी जाळी अलगद उचलली, ओल्या फडक्यावर पालथी केली, वरून दाबली आणि गुंडाळत गुंडाळत सोडवली. ताव फडक्यावरच राहिला. मग दोन कोपरे चिमटीत धरून तो सोलला, पोराला कडेवर घ्यावं तसा उचलला आणि गेले थेट शाळेच्या नव्या रंगवलेल्या भिंतीकडे. मुख्याध्यापक बाई "अहो, अहो!" म्हणेपर्यंत थाप, तळहात, वरून खाली. एकही सुरकुती नाही.

तुटलेल्या काड्यांच्या जागी, तावाच्या कोपऱ्यात, एक भोक होतं.

"भोक हाय त्याला," सार्थक म्हणाला, पण हळूच.

"असू दे. आमचंच हाय," दादा म्हणाले.

बाई जवळ आल्या. भिंतीचं विसरल्या बहुतेक. "हनीफचाचा, किती ताव काढलेत हो तुम्ही आजवर?"

दादांनी तळवे पुढे केले.

"एक पण न्हाई," दादा म्हणाले, नेहमीसारखीच मान ताठ करून. "हा माझ्या नातीनं काढला. मी भिंतीला लावतो. नऊ वर्सांचा व्हतो तेव्हापासून."