एका बोटाने उघडणारा मी

मित्रांनो, मी घडीचा चाकू आहे. ऐकून एक पाऊल मागे सरकलात ना? छान केलंत. तिथेच उभे राहून माझी गोष्ट ऐका.

माझं पातं मुठीत मिटून झोपतं. पाठीवर एक चिमुकला कान बाहेर आलेला आहे. तर्जनीने तो दाबला की पातं गर्रकन बाहेर यावं, अशी माझी घडण. यावं म्हणतोय, कारण नवा होतो तेव्हा मी भलताच ताठ होतो. कानाचे कोपरे टोकदार, मुठीच्या कडा बोचऱ्या. दुकानाच्या काचेच्या कपाटात मात्र राजबिंडा दिसायचो!

मला सुजीतने घेतलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो फळांची खोकी उघडून माल तपासतो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि एका जाड दारापलीकडे तोंडातून वाफ निघेल असा गारठा. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मी थक्कच झालो. माणसांनी वाळवंटात हिवाळा कोंडून ठेवला होता!

सुजीतचा उजवा अंगठा वाकत नव्हता. पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये झेल घ्यायला गेला आणि हाड मोडून घेतलं. आता डाव्या हाताने खोकं धरायचं आणि उजव्या तर्जनीने मला उघडायचं, एवढीच वाट उरली होती. पण मी कसला ऐकतोय! कितीदा दाबावं तेव्हा कुठे उघडायचो.

"सुजीत, सोमवारपासून कॉम्प्युटरवर बस," त्याचा सुपरवायझर राजन म्हणाला. "खोकी दुसरं कोणीतरी उघडेल."

"हबीबी, थोडे दिवस दे. आंब्याचा वास कॉम्प्युटरवर येतो का?"

घरी मनालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आधी मला पाहिलं आणि मग त्याचं लालभडक बोट. "चार वर्षांची मुलगी आहे घरात, आणि तू हे आणलंस?" असं म्हणत ती उठली आणि बाल्कनीच्या उन्हातली खोबरेलाची बाटली घेऊन आली. "दार कुरकुरलं की आई हेच घालायची."

दोन थेंब आत गेले आणि काय सांगू! मी लोण्यातून फिरल्यासारखा उघडलो.

"खलास! झालं काम," सुजीत हसला.

दुसऱ्या दिवशी कोल्ड स्टोरेजमध्ये, ऐन राजनसमोर, मी अर्ध्यातच अडकलो. सुजीतने वैतागून जोरात झटकलं, आणि मी त्याच्या हातमोज्यावरून घसरलो. मोजा फाटला. कातडी वाचली.

"इन्शाल्ला, सोमवारी डेस्कवर भेटू," राजन म्हणाला.

फाटका मोजा पाहून मनालीचा चेहरा उतरला. "हा चाकू आत्ताच्या आत्ता कचऱ्यात."

"टाक. मग मीही बसतो कॉम्प्युटरवर." सुजीतने फाटका मोजा खिशात कोंबला.

तेवढ्यात छोटी अस्मी वेणीसाठी तेलाची बाटली घेऊन आली. कालपासून ती बाटली हॉलमध्ये एसीखालीच राहिली होती. अस्मीने ती उलटी केली. थेंब पडेना.

"मम्मा, द ऑइल इज स्लीपिंग!"

मनालीने पांढऱ्याफट्ट बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अगं बाई! हिवाळ्यात जाणाऱ्याला मी खोबरेल घातलं!"

अस्मी शेजारच्या रुखसारकडे खेळायला गेली, दाराला कडी लागली, तेव्हाच मनालीने मला हात लावू दिला. सुजीतने स्क्रू काढले. गोठलेलं तेल पुसलं, सांध्यातल्या चकत्या लख्ख केल्या आणि थंडीतही पातळ राहणारं मशिनचं तेल एकच थेंब सोडलं. स्क्रू जास्त आवळला तर पातं रखडे, सैल केला तर डुलू लागे. नखभर इकडे, नखभर तिकडे. मनालीने बारीक पॉलिश पेपरने माझा कान आणि मुठीच्या कडा घासल्या, स्वतःच्या तळव्यावर टेकवून बघत बघत. पातं मिटलेलं धरून ठेवणाऱ्या इवल्याशा गोळीला मात्र तिने हात लावू दिला नाही. "उघडायला सोपा हवा, पण आपोआप उघडणारा नको."

मग मला डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवलं, मटारच्या पिशवीशेजारी! बाहेर काढल्यावर सुजीतने बोट टेकवलं.

टक्!

तो मी होतो? माझ्या पोटात एवढी चपळाई दडली होती? तेच पोलाद, तेच स्क्रू. फक्त दोघांनी माझं दुखणं नीट शोधलं होतं.

सोमवारी राजनसमोर पुन्हा टक्! खोक्याची पट्टी सुटली, आणि त्या गारठ्यातही आंब्याचा वास दरवळला. राजनने खोक्यावर वाकून वास घेतला. मग म्हणाला, "बघतोस काय? यल्ला, पुढचं खोकं!"

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी दिसला तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि एखादी वस्तू अडली तर तिला झटकू नका, टाकूनही देऊ नका. ती कुठे राबते, कोणाच्या हातात राबते, ते आधी बघा.

मी आता घरी कुलपात राहतो. संध्याकाळी सुजीत आला की मनाली आधी त्याचं बोट बघते, मग माझं कुलूप ओढून बघते, आणि मगच चहाचं आधण ठेवते.